एचएसआय कॉलेज आणि वस्तीचा विकास : कुठला सरकारी पैसा कशाला चालतो?

माळरान (धागालेखक)

टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांत शिकवणारी किंवा ग्रँट ऑफिसात काम करणारी बरीच मंडळी इथे आहेत. ‘आमचं कॉलेज हिस्पॅनिक-सर्व्हिंग ठरलंय, तर शेजारच्या वस्तीसाठी फेडरल पैसा आणता येईल का?’ हा प्रश्न निरनिराळ्या धाग्यांत येतो आणि अर्ध्यात राहतो. म्हणून सगळं एका जागी मांडतो. दुरुस्त्या, भर, हरकती जरूर लिहा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एचएसआय म्हणजे हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन, निदान २५ टक्के पदवीपूर्व विद्यार्थी हिस्पॅनिक असलेलं कॉलेज. असं ठरणं म्हणजे अर्ज करायची पात्रता मिळणं. पैसा स्पर्धेतून येतो, आणि तो कुठल्या खात्याचा आहे यावर त्याचं काम ठरतं. शिक्षण खात्याचा टायटल फाइव्हचा (उच्च शिक्षण कायद्यातल्या एचएसआयसाठीच्या भागाचा) पैसा कॉलेज बळकट करण्यासाठी असतो. वस्तीतली घरं, रोजगार, छोटे धंदे यांसाठीचा पैसा गृहनिर्माण व नगरविकास खात्याच्या, म्हणजे हडच्या चौकटीत बसतो. अर्ज नापास होण्याचं किंवा ऑडिटमध्ये खर्च नामंजूर होण्याचं मोठं कारण हेच, की लिहिणाऱ्याने ही दोन खाती एकच धरलेली असतात.

इतिहास थोडक्यात. एचएसआयची कायदेशीर ओळख १९९२ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या दुरुस्तीत आली, १९९८ मध्ये त्यासाठी वेगळं टायटल फाइव्ह झालं. हडने १९९४ मध्ये विद्यापीठांसाठी वेगळं कार्यालय काढलं होतं. त्याच्यामार्फत १९९९ पासून ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन्स असिस्टिंग कम्युनिटीज’ ही योजना चालली. शेवटच्या काही वर्षांत तिची कमाल रक्कम ६ लाख डॉलर आणि मुदत ३६ महिने होती. घरदुरुस्ती, पहिलं घर घेणाऱ्यांना मदत, कामाचं प्रशिक्षण, बालसंगोपन केंद्र, छोट्या उद्योजकांना आधार ही कामं कॉलेज स्वतः हाती घेऊ शकत होतं. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला नवा निधी मिळणं थांबलं. जुन्या फायली वाचून कुणी तोच अर्ज शोधत असेल, तर तो आता नाही.

तिची चौकट मात्र जिवंत आहे. ती १९७४ च्या गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्यावर, म्हणजे सीडीबीजीच्या (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, वस्तीविकासाचं हडचं अनुदान) नियमांवर उभी होती, आणि सीडीबीजीचा पैसा शहरांना आणि काउंट्यांना आजही दरवर्षी मिळतो. कॉलेजने त्या शहराचं सबरेसिपियंट (शहराच्या अनुदानातून पैसा घेऊन काम करणारी संस्था) व्हायचं, हा माझ्या मते आजचा सर्वांत खात्रीचा रस्ता.

---

उंबरठा

उत्तम धागा. पहिली शंका पात्रतेचीच. २५ टक्के मोजायचे कशाचे? आमच्याकडे संध्याकाळच्या वर्गाला येणारे अर्धवेळ विद्यार्थी खूप आहेत आणि त्यांत हिस्पॅनिक मुलं जास्त. डोकी मोजली तर आम्ही ३० च्या वर जातो, तरी ऑफिसवाले म्हणतात बसत नाही.

---

तळटीप

@उंबरठा, डोकी मोजायची नसतात, पूर्णवेळ-समतुल्य संख्या काढायची असते. तीही फक्त पदवीपूर्व विद्यार्थ्यांची. पूर्णवेळ विद्यार्थी जसेच्या तसे धरायचे. अर्धवेळ विद्यार्थ्यांच्या सगळ्या क्रेडिट तासांची बेरीज करून तिला १२ ने भागायचं आणि तो आकडा मिळवायचा.

उदाहरण म्हणून २,००० पूर्णवेळ धरा, त्यांत ४०० हिस्पॅनिक. अर्धवेळ ३,०००, त्यांत १,२०० हिस्पॅनिक. डोकी मोजली तर ५,००० मध्ये १,६००, म्हणजे ३२ टक्के. आता अर्धवेळांचे एकूण क्रेडिट तास १८,००० असतील तर ते झाले १,५००. त्यांत हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे तास ५,४०० असतील तर ४५०. मग ३,५०० मध्ये ८५०, म्हणजे २४.३ टक्के. जेमतेम पाऊण टक्क्याच्या फरकाने पात्रता गेली. असं होतं कारण नोकरी सांभाळून शिकणारी मुलं सत्राला एखादाच विषय घेतात.

ही अट दुसऱ्या पायरीची. पहिल्या पायरीत दोन गोष्टी बघतात : गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण (पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारं फेडरल अनुदान, आणि गरजेवर आधारित इतर मदत) आणि दर विद्यार्थ्यामागचा शैक्षणिक खर्च. खर्च आपल्या गटातल्या कॉलेजांच्या सरासरीहून कमी असावा लागतो. आकडे आयपेड्समधून, म्हणजे कॉलेजं शिक्षण खात्याला देतात त्या आकडेवारीतून, आपोआप घेतले जातात. बसत नसाल तर वेव्हर (अटीतून सूट) मागता येतं, पण त्याची मुदत मुख्य अर्जाच्या आधी संपते. बरेच जण ती तारीखच चुकवतात.

इथल्या मंडळींसाठी एक भर. एफ-१ व्हिसावर आलेली मुलं आयपेड्समध्ये ‘अनिवासी’ या वेगळ्या रकान्यात जातात. त्यामुळे मेक्सिकोहून एफ-१ वर आलेला विद्यार्थीही हिस्पॅनिक रकान्यात येत नाही, एकूण संख्येत मात्र येतो. यूटी आर्लिंग्टन किंवा ॲरिझोना स्टेटला एमएस करणाऱ्या आपल्या मुलांचा या गणिताशी संबंधच नाही, कारण पदव्युत्तर विद्यार्थी त्यात नसतातच.

---

रिओ_काठ

माळरान यांनी दोन खात्यांबद्दल जे लिहिलंय त्याला नियमाचा आधार देतो. टायटल फाइव्हच्या नियमावलीत (३४ सीएफआर ६०६.१०; सीएफआर म्हणजे फेडरल नियमसंग्रह) कुठल्या खर्चाला मनाई आहे याची लांबलचक यादी आहे. तिच्यात समुदायसेवेचे कार्यक्रम चक्क आहेत. अपवाद हा, की पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यातून शैक्षणिक अनुभव किंवा पदवीकडे जाणारे क्रेडिट मिळालं पाहिजे. क्रेडिट नसलेले कोर्स, बेसिक कौशल्यांचे सोडून, तेही मना. विद्यार्थीभरतीच्या जाहिराती मना, पाळणाघर आणि वाहतूक मना, अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या पगाराचा वाटा मना, इनडायरेक्ट खर्चही (कॉलेजचा सर्वसाधारण प्रशासकीय खर्च) मना. कायद्यातल्या मंजूर कामांत ‘कम्युनिटी आउटरीच’ हा शब्द दिसतो म्हणून लोक हुरळतात. पण तिथे अर्थ आहे शाळकरी मुलांना अभ्यासाची गोडी लावून पुढच्या शिक्षणाकडे वळवणं. वस्तीतल्या प्रौढांसाठी मोफत संगणक वर्ग त्यात बसत नाही.

तरीही दोन्ही पैसे एका कामाभोवती कायदेशीरपणे आणता येतात. बांधकाम-तंत्राचा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम घ्या. प्रयोगशाळेची उपकरणं, अभ्यासक्रमाची बांधणी, शिक्षकांचं प्रशिक्षण, मागे पडणाऱ्यांसाठी ट्यूटर हे टायटल फाइव्हमधून. विद्यार्थी क्रेडिटच्या प्रॅक्टिकमसाठी (प्रत्यक्ष कामाच्या कोर्ससाठी) ज्या घरांवर काम करतात, त्या घरांचा माल, परवाने आणि परवानाधारक ठेकेदार हे शहराच्या सीडीबीजीतून. प्रॅक्टिकमचा कोर्स नंबर कॅटलॉगमध्ये आधी छापलेला हवा. प्रोग्रॅम ऑफिसरने विचारल्यावर नंतर काढलेला कोर्स टिकत नाही.

---

जमाखर्च

+१. आणि इथेच हिशोब घसरतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा तोच शिक्षक ६० टक्के टायटल फाइव्हवर आणि ४० टक्के सीडीबीजीवर दाखवला. २ सीएफआर २००, म्हणजे फेडरल अनुदानांच्या हिशोबाची नियमावली, सांगतं की पगार प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या नोंदीवर आकारायचा. बजेटमधली टक्केवारी हा अंदाज, आणि तो ठरावीक काळाने खऱ्या नोंदींशी जुळवून दुरुस्त करावा लागतो. उन्हाळ्यात वर्ग बंद, साइटवरचं काम जोरात, तरी तीन महिने ६०-४० अशीच पावती चाललेली असेल तर ऑडिटर ते पहिल्या तासात पकडतो. नोंद सत्राच्या शेवटी एकदम भरायची नाही. दर महिन्याला, कामाच्या वर्णनासकट, वरिष्ठाच्या सहीने.

सीडीबीजीच्या मर्यादा अर्ज लिहितानाच समोर ठेवा. शहराच्या वार्षिक अनुदानातल्या साधारण १५ टक्क्यांवर सार्वजनिक सेवांचा खर्च जात नाही आणि नियोजन-प्रशासनाला २० टक्क्यांची कमाल आहे. कॉलेजं नेमकी सेवाच सुचवतात, म्हणजे प्रशिक्षण, समुपदेशन, शिकवणी. त्या १५ टक्क्यांवर शहरातल्या सगळ्या संस्थांची रांग लागलेली असते. त्यातून बाहेर पडायची चांगली वाट म्हणजे मायक्रोएंटरप्राइझ. मालक धरून पाच किंवा कमी माणसं असलेल्या धंद्याला दिलेलं प्रशिक्षण, सल्ला आणि कर्ज त्या १५ टक्क्यांत मोजत नाहीत. खाद्यपदार्थांची गाडी, शिवणकाम, बागकाम, घरातली पाळणाघरं असे धंदे वस्तीत असतातच. शिवाय मालकाचं उत्पन्न एकदा तपासलं की तीन वर्षांपर्यंत तो अल्प-मध्यम उत्पन्नाचा समजला जातो, दर वर्षी कागद गोळा करावे लागत नाहीत.

आणखी एक. पैसा परतफेडीने मिळतो. आधी कॉलेजने खर्च करायचा, बिलं आणि पगारपत्रकं जोडायची, मग शहर देतं. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रोकड कॉलेजच्या खात्यात बाजूला नसेल तर कामाला हात घालू नये.

---

उंबरठा

धन्यवाद, स्पष्ट झालं. मग ‘वस्तीला फायदा’ हे सिद्ध कसं करायचं? कॉलेज वस्तीत आहे एवढं पुरतं का?

---

माळरान

नाही पुरत. सीडीबीजीचं प्रत्येक काम तीनपैकी एका राष्ट्रीय उद्दिष्टात बसावं लागतं, आणि कॉलेजच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमी अल्प-मध्यम उत्पन्नाच्या लोकांचा फायदा हेच असतं. अशी व्यक्ती म्हणजे भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आतलं कुटुंब, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार. हडचा तक्ता दरवर्षी बदलतो, चालू वर्षाचाच घ्या.

सिद्ध करायच्या रीती कामानुसार वेगळ्या. वाचनालय किंवा उद्यान सगळ्यांना खुलं असेल तर सेवाक्षेत्र नकाशावर आखून तिथल्या निदान ५१ टक्के रहिवाशांचं उत्पन्न मर्यादेत आहे हे हडच्या ब्लॉक ग्रुपच्या (जनगणनेतल्या छोट्या भागाच्या) आकड्यांवरून दाखवायचं. घर असेल तर त्या घरातलं कुटुंबच मर्यादेत हवं, गल्लीची सरासरी चालत नाही. प्रशिक्षण वर्ग असेल तर किमान ५१ टक्के लाभार्थींचं उत्पन्न कागदावर. शेतात हंगामी स्थलांतर करणारे मजूर, वृद्ध, बेघर, निरक्षर प्रौढ अशा काही गटांना मुळातच मर्यादेतले धरतात. दक्षिण टेक्सासमध्ये आणि सेंट्रल व्हॅलीत या तरतुदीचा फार उपयोग होतो.

चूक कुठे होते? वर्ग कॅम्पसवर, नोंदणी सगळ्यांना खुली, आणि सेवाक्षेत्र म्हणून फक्त शेजारची गरीब वस्ती आखलेली. हजेरीपटावर निम्मे पत्ते पंधरा मैलांवरच्या सुखवस्तू भागातले निघाले की आखलेला नकाशा खोटा पडतो आणि झालेला सगळा खर्च परत मागितला जातो. अशा वर्गाला क्षेत्राची रीत वापरूच नका, उत्पन्नाचा एक पानी फॉर्म प्रवेशाच्या दिवशीच भरून घ्या. फॉर्म इंग्रजी-स्पॅनिश दोन्हींत हवा. ‘उत्पन्न’ या रकान्याखाली कुणाचं, किती काळाचं, कपातीआधीचं की नंतरचं हे लिहा. कपातीआधीचं आणि घरातल्या सगळ्या प्रौढांचं मिळून.

---

गवंडी

घरदुरुस्तीचं मी लिहितो, कारण तिथे कॉलेजचे लोक फार भाबडेपणाने उतरतात.

१९७८ च्या आधीचं घर म्हटलं की शिशाचा रंग गृहीत धरायचा. हडच्या नियमांत (२४ सीएफआर ३५) घरामागे खर्चाच्या तीन पायऱ्या आहेत. ५,००० डॉलरपर्यंत, ज्या रंगाला हात लावाल तो तपासा नाहीतर शिसं आहे असं धरा, सुरक्षित पद्धतीने काम करा, शेवटी क्लिअरन्स तपासणी. ५,००० च्या वर २५,००० पर्यंत, पूर्ण जोखीम-तपासणी आणि इंटरिम कंट्रोल्स, म्हणजे सुटलेला रंग स्थिर करणं, खिडकीच्या घासणाऱ्या कडा नीट करणं, धूळ काढणं. २५,००० च्या वर गेलं की अबेटमेंट, म्हणजे शिशाचा धोका कायमचा काढून टाकणं, आणि ते प्रमाणपत्र असलेल्या ठेकेदाराकडूनच.

आकडा कुठला धरायचा, तर घरामागची फेडरल मदत किंवा दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, दोन्हींत जो कमी तो. शिशाच्या कामाचा खर्च त्यात धरत नाहीत. १९६२ सालचं घर, दुरुस्ती २३,५०० ची, सगळी सीडीबीजीतून. मधल्या पायरीत बसलं. काम चालू असताना छपराखालची फळी कुजलेली निघाली, २,१०० चा चेंज ऑर्डर (वाढीव कामाचा करारबदल) सही झाला, आकडा २५,६०० वर गेला आणि घर वरच्या पायरीत गेलं. आता अबेटमेंटवाला ठेकेदार आणा, कुटुंबाला तात्पुरतं दुसरीकडे हलवा, काम थांबवा. म्हणून २० हजारांच्या पुढच्या घरात छप्पर, वायरिंग आणि न्हाणीघराची जमीन उघडून बघितल्याशिवाय अंदाजपत्रक पक्कं करू नये.

विद्यार्थी साइटवर असतील तर मजुरीचा प्रश्न येतो. आठपेक्षा कमी घरांच्या निवासी दुरुस्तीला सीडीबीजीत डेव्हिस-बेकन (त्या भागातली प्रचलित मजुरी देणं बंधनकारक करणारा कायदा) लागत नाही. पण सामुदायिक केंद्राची इमारत केली तर २,००० डॉलरच्या वरच्या ठेक्याला लागतो, आणि शिकाऊ म्हणून कमी मजुरी द्यायची तर ते नोंदणीकृत अप्रेंटिसशिपमधले हवेत. कॉलेजचा विद्यार्थी म्हणजे आपोआप अप्रेंटिस होत नाही.

आणि पर्यावरण परीक्षण संपून पैसा मोकळा झाल्याचं पत्र येईपर्यंत जागा खरेदी, करार, पाडकाम, यातलं काही करायचं नाही. कॉलेजने स्वतःच्या पैशाने केलं तरी नाही. त्या एका सहीने अख्खं काम अपात्र ठरू शकतं.

---

रिओ_काठ

@गवंडी, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवण्यासारखा.

सीमेलगतच्या कॉलोनियांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. १९९० च्या कायद्यानुसार टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया ही चार राज्यं आपल्या सीडीबीजीतला काही वाटा, कमाल १० टक्के, कॉलोनियांसाठी राखून ठेवतात. कॉलोनिया म्हणजे मेक्सिकोच्या सीमेपासून १५० मैलांच्या आतली, पिण्याचं पाणी, सांडपाण्याची सोय किंवा धड घरं नसलेली, २८ नोव्हेंबर १९९० च्या आधीची वस्ती. हा पैसा राज्याकडून काउंटीकडे जातो. टेक्सासमध्ये १९९५ पासून कॉलोनिया सेल्फ-हेल्प सेंटर्सही आहेत. एल पासो, वेब, स्टार, हिडाल्गो, कॅमेरॉन-विलासी अशा काउंट्यांत ती चालतात आणि त्यांना राज्याच्या सीडीबीजीतला २.५ टक्के वाटा मिळतो.

कॉलेजने तिथे पाण्याची पाइपलाइन टाकायचा अर्ज करू नये, ते काउंटीचं काम. कॉलेजकडे असतं ते वेगळं : मोजणी करू शकणारे सर्व्हेचे विद्यार्थी, जमिनीच्या कागदांचा गुंता समजावणारे कायद्याचे आणि लेखाशास्त्राचे शिक्षक, स्पॅनिश बोलणारे परिचारिका-विद्यार्थी. घरोघरचं उत्पन्न-सर्वेक्षण हे तर कॉलोनियांत सोन्यासारखं, कारण लहान वस्तीत जनगणनेच्या ब्लॉक ग्रुपचे आकडे अंदाजे असतात आणि ५१ टक्के दाखवायला काउंटीला हडच्या पद्धतीने केलेलं सर्वेक्षण हवं असतं. एखाद्या काउंटीशी पहिली ओळख करायला याहून चांगलं काम नाही.

---

उंबरठा

२०२५ मध्ये टायटल फाइव्हच बंद झालं असं ऐकलं. मग यात पडावं की नाही?

---

तळटीप

झालं ते असं. जून २०२५ मध्ये टेनेसी राज्य आणि ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ यांनी २५ टक्क्यांच्या अटीविरुद्ध दावा लावला. जुलैमध्ये न्याय खात्याने या योजनेचा न्यायालयात बचाव करणार नाही असं कळवलं. १० सप्टेंबर २०२५ ला शिक्षण खात्याने अल्पसंख्याक-सेवी संस्थांच्या योजनांमधला सुमारे ३५ कोटी डॉलरचा ऐच्छिक (दरवर्षीच्या बजेटमध्ये ठरणारा) निधी थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षाचा अनिवार्य निधी, सुमारे १३.२ कोटी, कायद्याने बांधलेला असल्यामुळे दिला गेला. एचएसआय स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठीच्या योजनेचे) वार्षिक १० कोटी याच अनिवार्य भागातले, २०१९ च्या फ्यूचर ॲक्टने कायम केलेले.

ज्यांचं पाच वर्षांचं अनुदान मध्येच तुटलं त्या कॉलेजांमधले ट्यूटर, सल्लागार यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तो मार त्याच मुलांना बसला जी सत्राला एक-एक विषय घेऊन पदवी पुरी करत होती. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. नवीन अर्ज लिहिताना पाच वर्षांची पदं फक्त टायटल फाइव्हवर टांगू नयेत.

सीडीबीजीत सबरेसिपियंट व्हायला मात्र एचएसआय दर्जा लागतच नाही. तिथे वस्तीचं उत्पन्न बघतात, विद्यार्थ्यांचा वंश नाही. म्हणून मी म्हणेन, वस्तीच्या कामाचा पाया तिथेच घाला. खासदारांमार्फत येणारा कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंगचा पैसा हडच्या खात्यात २०२२ पासून पुन्हा सुरू झाला होता, पण २०२५ च्या आर्थिक वर्षात पूर्ण वर्षाच्या कंटिन्युइंग रेझोल्यूशनमुळे (नव्या बजेटऐवजी जुनाच खर्च पुढे चालवणाऱ्या कायद्यामुळे) ती यादी आलीच नाही. एकदाच्या इमारतीसाठी ठीक, चालू कामासाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

---

उंबरठा

पटलं. शहराकडे जायचं तर केव्हा? शहर लहान आहे, ६०-६५ हजार वस्तीचं.

---

जमाखर्च

५० हजारांच्या वर वस्ती म्हणजे शहराला बहुतेक हडकडून थेट वाटा मिळत असेल, तरी हडच्या यादीत नाव बघून घ्या. नसेल तर राज्यामार्फत जावं लागेल.

शहराचं कार्यक्रम-वर्ष १ जुलैला सुरू होतं असं धरा. ॲक्शन प्लॅन (त्या वर्षीचा पैसा कशावर खर्चायचा याचा आराखडा) हडकडे ४५ दिवस आधी, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत जातो. त्याआधी नागरिकांच्या सूचनांना ३० दिवस. म्हणजे एप्रिलच्या मध्याला मसुदा छापलेला असतो आणि तुमचं नाव त्यात हवं. संस्थांचे अर्ज बहुधा त्याआधीच्या हिवाळ्यात मागवतात. वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या होतात. पहिली गरजांबद्दलची, तिथेच जाऊन बसा. अर्जाच्या महिन्यात पहिल्यांदा तोंड दाखवलं तर उशीर झालेला असतो. शहराचा तीन ते पाच वर्षांचा कन्सॉलिडेटेड प्लॅन वाचून त्यातल्या प्राधान्यक्रमाच्या नेमक्या ओळीला आपलं काम जोडा. त्यात नसलेलं काम कितीही चांगलं असो, शहराला मंजूर करता येत नाही.

सॅमची, म्हणजे फेडरल पैसा घेणाऱ्या संस्थांच्या यादीतली, नोंदणी चालू आहे का तेही आजच बघा. ती दरवर्षी नवी करावी लागते, आणि नाव किंवा पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं की तपासणीत आठवडेच्या आठवडे जातात.

शहराच्या बाजूची एक अडचणही माहीत असू द्या. वर्ष संपायच्या ६० दिवस आधी हड तपासतं की शहराच्या खात्यात वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून जास्त पैसा पडून नाही ना. पडून असेल तर शहर गोत्यात येतं. त्यामुळे संथ खर्च करणारी संस्था त्यांना नको असते. कॉलेजचं कॅलेंडर इथे आडवं येतं : जुलैत करार, ऑगस्टात विद्यार्थी, सप्टेंबरात नोकरभरतीची मंजुरी, आणि पहिलं बिल जानेवारीत. करारासोबत महिनावार खर्चाचा तक्ता द्या, पदाची जाहिरात करार व्हायच्या आधीच ‘निधी मिळाल्यास’ या अटीवर काढा, आणि पहिलं बिल ऑक्टोबरात, रक्कम लहान असली तरी, जाऊ द्या. पुढच्या वर्षीच्या बैठकीत शहराचा माणूस तुमच्या अर्जाआधी तो खर्चाचा तक्ता उघडतो.

---

उंबरठा

सुनावणीची तारीख काढली, पुढच्या महिन्यात आहे. कन्सॉलिडेटेड प्लॅनमध्ये ‘छोट्या उद्योगांना साहाय्य’ ही ओळ उच्च प्राधान्यात आहे. मायक्रोएंटरप्राइझचंच मांडावं असं ठरतंय. उत्पन्नाच्या फॉर्मचा मसुदा इथे टाकते, माळरान आणि तळटीप, जरा नजर घाला.